लिंबाजी अण्णांचं दीड मिनिट

मंडळाच्या मेळाव्याला मी पहिल्यांदा गेले तेव्हा पर्समध्ये दोनशे व्हिजिटिंग कार्डं होती. परत आले तेव्हा एकशे नव्याण्णव उरली होती. ते एक कार्ड ज्यांनी मागून घेतलं, ते लिंबाजी अण्णा.

मंडळ म्हणजे बीडमधल्या आणि आसपासच्या लहानमोठ्या धंदेवाल्यांचं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी नगर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात जमायचं, ओळखी करून घ्यायच्या, कार्डं द्यायची-घ्यायची आणि त्यातून कामं मिळवायची, असा मूळ हेतू. प्रत्यक्षात अर्धा वेळ सत्कारात जायचा. आमच्याकडे चार माणसं जमली आणि सत्कार झाला नाही, तर ती जमली होती यावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्यात आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे हार्डवेअरवाल्या रमेशशेठनी, एक रिवाज पाडला होता. नव्या माणसाला दारातच फेटा बांधायचा, मग तो पुरुष असो की बाई.

मी माती परीक्षणाची एका खोलीची प्रयोगशाळा नुकतीच काढली होती. खाली कोचिंग क्लास, वर मी. एम.एस्सी.ला पहिली आलेली असल्यामुळे लोक आपण होऊन माती घेऊन जिना चढतील अशी माझी समजूत होती. तीन महिन्यांत जिना चढून आले ते फक्त क्लासचा पत्ता चुकलेले पालक.

तर त्या दिवशी दारात खुर्चीवर मला बसवलं आणि एक उंच, काळासावळा, साठीकडे झुकलेला माणूस समोर उभा राहिला. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर भगवं कापड. त्याच्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते आणि उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. कापडाचं टोक माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "धरा ताई घट. आन् सांगा, आज कोणतं काम टाकून आलाव?"

मला वाटलं, टोमणा आहे. मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले, "गच्चीवर मातीचे नमुने वाळत घातलेत. वारा सुटलाय. सगळं एकमेकांत मिसळणार."

"किती नमुने?"

"पाच. त्यातले चार माझ्याच माहेरच्या शेतातले."

हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. पण डोक्याभोवती कापडाचे वेढे बसत असताना माणूस हलू शकत नाही, मोबाइल काढू शकत नाही, उठून जाऊ शकत नाही. समोरचा विचारतो आणि आपण खरं बोलून जातो. दीड मिनिटात फेटा झाला. त्यांनी शेमला खांद्यावर नीट सोडला, माझं कार्ड मागितलं, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि मला हॉलच्या मधल्या रांगेत नेऊन एका गृहस्थांशेजारी बसवलं. "हे पालीचे. रोपवाटिका हाय त्यांची. पपईची रोपं पिवळी पडाल्यात, ती टाकून आल्यात. ह्या ताई मातीचं बगत्यात." एवढं बोलून अण्णा दाराकडे परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पालीचे गृहस्थ दोन पिशव्या माती घेऊन जिना चढून आले.

तेव्हापासून मला या माणसाबद्दल कुतूहल लागून राहिलं. मेळाव्यात मी भाषणं ऐकायचं सोडून दारापाशीच रेंगाळायला लागले.

त्यांचा प्रश्न कधी बदलायचा नाही. तुमचा व्यवसाय काय, हे ते विचारत नसत. व्यवसाय विचारला की माणूस छाती फुगवतो, असं त्यांचं म्हणणं. "धंदा इचारला की पाटीवरचं सांगतो. काय टाकून आला इचारलं की पोटातलं सांगतो," ते मला एकदा म्हणाले. आणि खरंच, ट्रॅक्टरच्या शोरूमचे मालक त्यांना सांगायचे की हिशेबनीस पळून गेलाय आणि कागद कोणाला लागत नाहीत. दवाखानेवाले डॉक्टर सांगायचे की जनरेटर धूर ओकतोय. हे सगळं कार्डांच्या पाठीमागे जायचं. कार्डं अण्णा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. नावाप्रमाणे किंवा गावाप्रमाणे ती लावलेली नसत. अडलेल्या कामाप्रमाणे लावलेली असत. पाण्याची कामं एकीकडे, यंत्रांची एकीकडे, कोर्टकचेरीची एकीकडे. एक गठ्ठा "माणूस पाहिजे" असा आणि दुसरा "माणसाला काम पाहिजे" असा. हे दोन गठ्ठे ते समोरासमोर ठेवत आणि पत्ते पिसल्यासारखे चाळत बसत.

एकदा एक पुढारी आले. पांढरेशुभ्र, मागे दहा माणसं. अण्णांनी प्रश्न विचारल्यावर हसून म्हणाले, "आमचं काय, जनतेचं काम. ते कुठं टाकता येतं?" त्याबरोबर अण्णांचे हात एकाएकी सावकाश झाले. एक वेढा घातला, उलगडला, परत घातला. सूत्रसंचालक स्टेजवरून नाव पुकारत होता, पुढारी खुर्चीत चुळबुळत होते, आणि अण्णा कापडाची घडी पुन्हा पुन्हा सरळ करत होते. चौथ्या वेढ्याला पुढारी हळूच म्हणाले, "म्हैस आडलीय हो. सकाळपासून. डॉक्टर मिळंना." त्याबरोबर तुरा ताठ उभा राहिला. जनावरांचे डॉक्टर तिसऱ्या रांगेत समोसा खात बसले होते. अण्णांनी त्यांना समोशासकट उठवलं. त्या दिवशीचं उद्घाटनाचं भाषण फार थोडक्यात झालं आणि ते सगळ्यांना आवडलं.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. अण्णा आडनाव विचारत नसत. आमच्या भागात दोन अनोळखी माणसं भेटली की तिसरं वाक्य आडनावाचं असतं. आडनावावरून पाव्हणे निघतात, पाव्हण्यांवरून जात निघते आणि मग पुढचं बोलणं कोणत्या सुरात करायचं ते ठरतं. अलीकडे तर ते फारच टोकदार झालंय. एकदा मोटार रिवाइंडिंगवाल्या पोराची ओळख करून देताना समोरच्या बागायतदाराने विचारलं, "आडनाव काय म्हणले?" अण्णांनी मान वर न करताच उलट विचारलं, "कावून? आडनावानं पंप चालू होतोय का तुमचा?" बागायतदार गोरेमोरे झाले. पंप मात्र त्याच पोराने दुरुस्त केला.

मेळाव्याच्या शेवटी प्रत्येकाला उभं राहून एक मिनिट स्वतःची ओळख करून द्यावी लागे. साठ सेकंद झाले की रमेशशेठ घंटी वाजवत. लोक घरून पाठ करून यायचे. मी तर आरशासमोर सराव करायची. अण्णांची पाळी आली की ते उठायचे, "लिंबाजी. तेलगाव," एवढं म्हणायचे आणि बसायचे. उरलेली छप्पन्न सेकंदं शेजारच्याला. सगळ्यांना वाटायचं, हा मोठेपणा आहे. मलाही तसंच वाटायचं. इतक्या जणांचं जमवून देणाऱ्या माणसाचं स्वतःचं किती जोरात चालत असेल, असा माझा हिशेब होता. दोन वर्षं मी त्यांना ओळखत होते आणि ते नेमकं काय करतात हे मला माहीत नव्हतं. हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

ते कळलं योगायोगाने. तेलगावजवळ उसाच्या शेतातले नमुने घ्यायला गेले होते. दुपारचं ऊन टाळावं म्हणून अण्णांचं घर विचारत गेले, तर लोकांनी गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवलं. दारावर पाटी नव्हती. आत भट्टी होती, ऐरण होती आणि भिंतीला लावून ठेवलेले ऊसतोडीचे कोयते होते. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून केलेले, बाभळीच्या मुठीचे, एकसारखे. निदान दोनशे असतील. त्यांच्यावर धूळ होती. भट्टीतली राख थंड होती. दोघं वयस्क कारागीर आणि दोघं जरा तरणे, असे चौघं जण सावलीत बसून विड्या ओढत होते. अण्णा एका कोपऱ्यात कार्डांचा डबा उघडून बसले होते.

मला बघून ते दचकले. पाणी दिलं, चहा सांगितला. मी काहीतरी बोलायचं म्हणून, खरं तर गंमत म्हणूनच, त्यांचा प्रश्न त्यांना विचारला. "अण्णा, तुम्ही मेळाव्याला येता तेव्हा कोणतं काम टाकून येता?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "टाकायला काम न्हाई, ताई. म्हनून तर येतो."

हळूहळू सगळं कळलं. पूर्वी दसऱ्याच्या आधी तोडीला जाणाऱ्या टोळ्या इथं रांग लावत. एकेक मुकादम पन्नास-साठ कोयते न्यायचा. आता शिवारात ऊस तोडणारी हार्वेस्टर आली. टोळ्या अजून जातात, पण कमी जातात, आणि जुनेच कोयते धार लावून नेतात. चौघांपैकी वयस्क दोघं तर अण्णांच्या वडिलांच्या वेळेपासून या शेडला धरून होते. या हंगामापर्यंत काही जमलं नाही तर शेड बंद करून त्यांना दुसरीकडे बघा म्हणून सांगायचं, हे अण्णांनी मनाशी ठरवलं होतं. चौघांना ते माहीत नव्हतं.

"मग तुम्ही मेळाव्यात हे सांगत का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"काय सांगू? कोयते घ्या म्हनू? त्या हॉलात ऊस कोन तोडतंय?" ते म्हणाले. "आन् मला दुसरं काय येतंय ते मलाच ठावं न्हाई. तेच हुडकाया येतो. शंभर मानसं काय काय टाकून येत्यात ते ऐकतो. त्यातलं एखादं माझ्या ऐरणीवर बसंल."

म्हणजे तो डबा परोपकाराचा नव्हता. निदान नुसता परोपकाराचा नव्हता. हा माणूस दीड-दीड मिनिटाने स्वतःचं काम शोधत होता, आणि सापडलेलं प्रत्येक काम दुसऱ्याच्या मापाचं निघत होतं. मला त्यांचा राग आला आणि माझा त्याहून जास्त.

मी घरी येऊन कंबर कसली. पुढच्या मेळाव्याला हार्वेस्टर बनवणाऱ्या एका कंपनीचे विभागीय साहेब प्रमुख पाहुणे होते. मी रमेशशेठच्या मागे लागून कार्यक्रमानंतर साहेबांच्या चहाच्या वेळात अण्णांसाठी दोन मिनिटं मागून घेतली. शेडला काही लोखंडी काम द्या, अशा अर्थाची चार वाक्यं अण्णांना लिहून दिली. ती त्यांनी पाठ केली. त्या दिवशी त्यांनी सदऱ्याला इस्त्री केली होती.

गाडी आली. त्यातून उतरले ते भरदार मिशांचे, पांढऱ्या सफारीतले, काळा चष्मा लावलेले गृहस्थ. त्यांच्या मागून पाठीवर सॅक लावलेला एक बारकासा मुलगा उतरला आणि मोबाइलवर बोलत बाजूला गेला. रमेशशेठ मिशांकडे धावले. गृहस्थ "अहो, मी न्हाई," असं काहीतरी म्हणत होते, पण आमच्याकडे पाहुण्याने आधी नको-नकोच म्हणायचं असतं. त्यांना धरून खुर्चीत बसवलं. खास पाहुण्यांसाठी आणलेला जरीकाठी फेटा एकच होता. अण्णांनी तो हातात घेतला आणि कापडाचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"कोणतं काम टाकून आलाव, साहेब?"

"गाडी चालूच ठेवून आलोय," गृहस्थ काकुळतीने म्हणाले. "बॅटरी गेलीय. बंद केली तर परत चालू हुनार न्हाई. सोडा मला."

अण्णांचे हात क्षणभर थांबले. मी शेजारीच उभी होते. गाडीच्या बॅटरीची काळजी कोणाला असते हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. मला वाटलं, आता कापड काढतील. त्यांनी पुढचा वेढा घातला आणि विचारलं, "ह्याच्या आदी काय करत हुता?"

"हार्वेस्टरवर ऑपरेटर व्हतो. चार हंगाम."

"सोडलं कावून?"

"पात्यांनी जीव खाल्ला हो. खालची, बुडखा कापनारी पाती. तुमच्या ह्या भागात दगडगोटे लई. दोन-तीन दिवसांत तोंड जातं त्याचं. नवं येईस्तवर मशीन रानात उभं, आन् शेतकरी आमच्या नावानं बोंबलतोय."

तेवढ्यात गोंधळ झाला. सॅकवाला मुलगा मोबाइल खिशात टाकून रमेशशेठना नम्रपणे सांगत होता की विभागीय अधिकारी तो स्वतः आहे आणि ते बाबूभाई, त्याचे ड्रायव्हर. रमेशशेठचा चेहरा पडला. ते अण्णांपाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "काढा तो फेटा. साहेबांना बांधा."

"बांधलेला फेटा मी उतरवत न्हाई."

"अण्णा, ड्रायव्हर हाय तो."

"डोकं हाय ना," अण्णा म्हणाले. "दुसरा फेटा द्या, साहेबाला बांधतो. ह्याचा निघनार न्हाई."

रमेशशेठ वाईट माणूस नाही, पण त्या दिवशी शंभर जणांसमोर त्यांची फजिती झाली होती. ते म्हणाले, "मग पुढच्या बारीपासून येऊ नका." अण्णांनी मान डोलवली, तुरा नीट केला आणि बाबूभाईंना घेऊन बाहेर गेले. साहेबांनी साधा फेटा हसत हसत स्वतःच डोक्याला गुंडाळून घेतला. त्यांचं काहीच बिघडलं नाही.

चहाची वेळ झाली. साहेब मोकळे उभे होते, माझी मागून घेतलेली दोन मिनिटं चालू झाली होती आणि अण्णांचा पत्ता नव्हता. मी तणतणत पार्किंगमध्ये गेले. इंजिन चालू असलेल्या गाडीत, जरीकाठी फेटा घातलेले बाबूभाई आणि अण्णा शेजारी शेजारी बसले होते. अण्णांच्या हातात माझंच एक कार्ड होतं. त्याच्या पाठीवर लांबट चौकोन काढून त्यात दोन भोकं दाखवली होती, आणि बाबूभाई बोटाने भोकांमधलं अंतर दाखवत होते.

"अण्णा, साहेब वाट बघतायत," मी म्हणाले.

"साहेबाला मशीन इकायचं म्हाईत हाय, ताई," अण्णा कार्डावरून नजर न काढता म्हणाले. "पातं कव्हा जातं ते ह्यांना म्हाईत हाय. बसा वाईच."

मी बसले नाही. मला वाटलं, हातातोंडाशी आलेला घास या माणसाने घालवला. रागाने मी चार महिने त्यांना फोन केला नाही.

मंडळात फेट्यांची अडचण झाली. मग रमेशशेठनी शिवलेले तयार फेटे आणले. टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे की झालं. वेळ खूप वाचू लागला आणि त्या वेळात आणखी सत्कार होऊ लागले. नवी माणसं येत, कार्डं वाटत आणि जात. कोणाला कोणाची गरज आहे हे सांगणारं कोणी उरलं नाही, हे ध्यानात यायला रमेशशेठना चार मेळावे लागले. पाचव्याच्या आधी ते स्वतः माझा जिना चढून आले. "तुमचं ऐकतात ते. एवढं पत्र द्या. गुरुवारी या म्हणावं. झालं गेलं सोडा."

तेलगावच्या शेडला गेले तर फक्त दोघं कारागीर होते आणि भट्टी पेटलेली होती. अण्णा रानात गेलेत, म्हणाले. रस्त्याने दोन किलोमीटरवर अर्ध्या तोडलेल्या उसात एक भलंमोठं हार्वेस्टर थांबलेलं दिसलं. त्याच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. बांधावर अण्णांचे उरलेले दोन कारागीर पोतं पसरून बसले होते, पोत्यावर कमानपाट्याची पाती ओळीने मांडलेली.

अण्णा बाहेर आले. अंगभर ऑइल आणि पाचटाची कुसं. मला बघून त्यांना आनंद झाला, पण हातातलं झिजलेलं पातं त्यांनी खाली ठेवलं नाही. पहिली खेप काचेसारखी तुटली, म्हणाले. तापल्या पात्यांना पाणी जास्त पाजलं होतं. दुसरी शिशासारखी वाकली. बाबूभाईंनी एकेक ऑपरेटर गाठून दिला, तिसरी टिकली.

"आणि कोयते?" मी विचारलं. हा प्रश्न मला टोचत होता. याच यंत्रांनी त्यांचे कोयते भिंतीला लावले होते, आणि त्या टोळ्यांमधल्या बायामाणसांचं काय झालं असेल ते मला माहीत नव्हतं.

त्यांचा चेहरा उतरला. "जे येत्यात त्यांना देतो की. तोडायला जानाऱ्या बायकांनी मला नावं ठिवली. लिंबाजी मशीनवाल्यांचा झाला म्हनल्या. बरूबर हाय त्यांचं." हातातलं पातं उलटसुलट करत ते म्हणाले, "चौघांना घरी बशिवलं असतं तरी मशीन थांबलं नसतं. पर ते बी काय उत्तर न्हाई. मला ठावं हाय."

मी पत्र पुढे केलं. हात फडक्याला पुसून त्यांनी ते घेतलं, लांब धरून वाचलं. वर मंडळाचं नाव, खाली रमेशशेठची सही, मध्ये "आपल्या उपस्थितीशिवाय कार्यक्रमास शोभा नाही" वगैरे. वाचताना ते सुखावले हे दिसत होतं. या माणसाला माणसांत राहायची हौस होती, ती काही खोटी नव्हती. तेवढ्यात यंत्राच्या केबिनमधून ऑपरेटर ओरडला, "अण्णा, बगा की वो, तिकडच्या रानातबी एक थांबलंय म्हनत्यात."

अण्णांनी पत्राची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"गुरुवारी न्हाई जमायचं, ताई," ते म्हणाले.

फेट्याची ती एक गोष्ट सोडली, तर दोन-अडीच वर्षांत या माणसाने माझ्या देखत कोणाला कशासाठी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनाही ते वाक्य नवीनच असावं, कारण यंत्राकडे चार पावलं गेल्यावर ते मागे वळले आणि कोणी विचारलेलं नसताना पुन्हा एकदा म्हणाले, "खरंच न्हाई जमायचं." मग ते वाकून यंत्राखाली शिरले. मला इतकं बरं वाटलं की बीडला पोहोचेपर्यंत धीर निघाला नाही. तिथेच बांधावर उभी राहून मी रमेशशेठना फोन लावला आणि म्हणाले, "अण्णांना वेळ नाही."